पप्पांनी गाळलेले शब्द

मी निघाले त्या सकाळी आमच्या अंगणात इतकी माणसं जमली होती, की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, ह्या घरात लग्न तरी आहे नाहीतर मयत तरी. आदल्या संध्याकाळी निरोपाची प्रार्थना झाली होती. पेटी-तबल्यावर गाणी झाली, चहा-चिवडा झाला, तरी सकाळी सगळे पुन्हा हजर. पाळकसाहेबांनी जीपच्या बॉनेटवर हात ठेवून आणखी एक प्रार्थना धरली. ती इतकी लांबली की ड्रायव्हरनं मधेच मोठ्यानं 'आमेन' म्हणून गाडी चालू केली. आईला जीपमध्ये जागा उरली नव्हती. माझ्या दोन बॅगा आणि तिनंच बांधून दिलेली लोणची, कुरडया, शेंगदाण्याची चटणी यांनी तिची जागा खाल्ली. ती दारात उभी राहिली. रडली नाही. एवढंच म्हणाली, "पोचल्याव फोन कर. आन् थंडीत उघड्या डोक्यानं हिंडू नको."

पप्पा मात्र विमानतळापर्यंत आले. आमच्या गावापासून मुंबई म्हणजे दिवसाचा प्रवास, पण वाटेत त्यांनी उपदेशाचं एक वाक्य बोललं असेल तर शपथ. ते खिडकीतून पाट्या वाचत होते. विमानतळावर आत जायच्या दारापाशी आता मी रडणार हे त्यांना कळलं असणार, कारण त्यांनी मान वर केली आणि 'डिपार्चर'च्या पाटीकडे बोट दाखवून विचारलं, "चल, यातून किती?" मी नाक पुसत म्हणाले, "टेप. रॅट. ट्रेड." ते म्हणाले, "रिपीट राहिला की." मागची मंडळी ट्रॉल्या ढकलत होती. मला आत जावं लागलं.

हा खेळ काय, ते सांगते. पप्पा आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. आमचं गाव राहुरीजवळ, मुळेच्या कालव्याकाठी. तिथे इंग्रजी पुस्तकं कुठून असणार, पण इंग्रजी अक्षरं मात्र भरपूर. खताच्या गोणीवर, सिमेंटच्या पोत्यावर, ट्रॅक्टरच्या नाकावर. रविवारी उपासनेहून घरी आलो, की आईचा भात होईपर्यंत पप्पा अंगणातल्या एखाद्या गोणीकडे बोट दाखवायचे. 'पोटॅश' असं लिहिलेलं असेल, तर त्या अक्षरांतून जेवढे इंग्रजी शब्द निघतील तेवढे काढायचे. शॉप, सोप, पाथ, पोस्ट, ओट्स. एक अक्षर जेवढ्यांदा आलंय तेवढ्यांदाच वापरायचं. ज्याचा अर्थ सांगता येत नाही तो शब्द घ्यायचा नाही. आणि चर्चमध्ये उभं राहून म्हणता येणार नाही असला शब्द तर बिलकुल नाही. हा शेवटचा नियम माझ्यासाठी होता, कारण माझी जीभ लहानपणापासून सैल.

आईला ह्या खेळात जागा नव्हती. ती घोडेगावकडची, मराठी बायबल घडाघडा वाचणारी, पण इंग्रजी अक्षरं तिला सुटी सुटीच यायची. त्यांचा शब्द व्हायचा नाही. ती चुलीपासून ओरडायची, "ओ विलायतवाले, भात निवला, उठा आता." तेव्हा घरात कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं की खरंच कुणी विलायतेला जाईल.

तर मी आले लीड्सला. नर्स म्हणून, म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डात. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले आहेत त्यांना पहिल्या वर्षाबद्दल सांगायची गरज नाही, आणि जे मागे राहिलात त्यांना सांगून पटत नाही. पहिल्याच आठवड्यात बसच्या ड्रायव्हरनं मला 'लव्ह' म्हणून हाक मारली. मी असं काही डोळे वटारून बघितलं की बिचारा गडबडला. नगरच्या एसटीत कंडक्टर असं बोलला असता, तर त्यानं चप्पल खाल्ली असती. इथं ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, ऐंशीच्या आजीलासुद्धा. शिफ्ट, रोटा, हँडओव्हर, हीटिंगचं बिल, हे शब्द मी पटापट शिकले. भाकरी मात्र इथल्या विजेच्या शेगडीवर कधी फुगली नाही. मी नाद सोडला.

पप्पा फोनवर म्हणजे तोंडात मूग धरून. "बरी आहेस?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." "घे, आईशी बोल." संपलं. बहुतेकांचे वडील असेच असतात, यात नवीन काही नाही. पण खेळ आम्ही चालू ठेवला. सकाळी बसमधून दिसेल त्या पाटीवरची अक्षरं मी त्यांना मोबाईलवर पाठवायची, आणि माझ्या दुपारच्या सुट्टीपर्यंत त्यांची यादी यायची. दहा-बारा शब्द, आणि खाली मराठीत काहीतरी शेरा. "'रेंट' सापडला, तुझं घरभाडं वाढलं का?" "आज एकच मोठा शब्द, डोकं चालत नाही, उकडतंय." आमचं बोलणं म्हणायचं ते हेच. आईशी मी तास तास बोलायची, पण पप्पा मला त्या यादीत भेटायचे.

मग एका दिवाळीच्या जरा आधी याद्या लांब व्हायला लागल्या. तीस शब्द, चाळीस शब्द. शेरे बंद झाले. मला काय वाटावं? मला वाटलं, म्हातारा फॉर्मात आलाय! मी वॉर्डातल्या मैत्रिणींना त्या याद्या दाखवायची. माझे वडील बघा, निवृत्त मास्तर, खेड्यात बसून तुमच्यापेक्षा जास्त इंग्रजी शब्द काढतात. त्या तोंडात बोट घालायच्या आणि मी फुगायची. पप्पांना फोन द्या म्हटलं की आई म्हणायची, चर्चच्या कामाला गेलेत. दुसऱ्या दिवशी, आत्ताच डोळा लागलाय. व्हिडिओ लाव म्हटलं की रेंज न्हाई. रेंज आमच्याकडे खरंच नसते, त्यामुळे संशय यायचं काही कारणच नव्हतं. नाताळात तिनं चर्चच्या रोषणाईचा फोटो पाठवला, आणि मी 'वा' लिहिलं.

नाताळ होऊन थोडे दिवस गेले. मी दुपारी स्टाफरूममध्ये सँडविच खात यादी वाचत होते आणि मधेच एक शब्द आला. तो मी इथे लिहीत नाही. शरीराच्या एका भागाचा आहे, आणि आमच्या वॉर्डातले दारू उतरलेले पेशंट रागावले की तो वापरतात. मी आधी इतकी हसले की सँडविच घशात अडकलं. पप्पा! चर्चच्या पंचमंडळात बसणारे! ज्यांनी मला 'ब्लडी' म्हटल्याबद्दल उपासनेनंतर उन्हात उभं केलं होतं! मग मी तो शब्द पुन्हा वाचला. पप्पांच्या हातून हा शब्द जाणं शक्यच नव्हतं. म्हणजे हात पप्पांचा नव्हता.

मी लगेच फोन लावला. आई म्हणाली, "आंगुळीला गेलेत." भारतात तेव्हा संध्याकाळ झालेली. मी म्हटलं, "आई, ह्या वेळेला कुणी आंघोळ करतं का?" ती म्हणाली, "मानसाला वाटली तर करतो." आणि फोन ठेवला. मग मी पाळकसाहेबांना लावला. त्यांना खोटं बोलता येत नाही, ही त्यांची धंद्यातली अडचण आहे. ते बराच वेळ नुसते खाकरले. मग म्हणाले, "करुणा, आपल्यात शपथ घालत नाहीत. पण तुझ्या आईनं माझ्याकडून शब्द घेतला होता बाळ." आणि त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या आधी पप्पांना अर्धांगवायूचा पहिला झटका आला, उजवा हात गेला, जीभ जड झाली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुसरा आला. तेव्हापासून बोलणं बंद.

आता हे नीट ऐका, कारण मला अजूनही ह्याच जागी येऊन थांबायला होतं. पहिल्या आणि दुसऱ्या झटक्याच्या मधे पप्पा बोलत होते. बोबडं, अडखळत, पण बोलत होते. पाळकसाहेबांशी बोलले, शेजारच्यांशी बोलले, दूधवाल्याशी सुद्धा बोलले. जगात फक्त मला सांगितलं गेलं की ते आंघोळीला गेलेत. आणि मी कोण? मी नर्स. झटका आलेल्या म्हाताऱ्यांच्या उशाशी बसून, चित्रं दाखवून, 'हा कप आहे, म्हणा कप,' असं शिकवण्याचा पगार घेणारी बाई. जगातल्या सगळ्यांच्या बापांना मी कप म्हणायला शिकवलं.

सुट्टी मिळवायला मी वॉर्ड डोक्यावर घेतला. मिळाली. मुंबईहून जीप केली. शिर्डी सोडली, राहाता आलं, रस्त्याच्या कडेला पेरूचे ढीग लागले, आणि मग उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी रांगायला लागली. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस रस्त्यावर लोंबणारा. पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण ड्रायव्हर नगरच म्हणत होता आणि मीही. मी त्याच्यावर उगीच खेकसत होते, हॉर्न वाजवा, पुढे काढा. तो म्हणाला, "मॅडम, कुटून काडू?" बरोबरच होतं त्याचं.

पप्पा पुढच्या खोलीत खाटेवर होते. मी ओळखू आले. डावा हात वर झाला, तोंडातून एक आवाज आला, आणि तो शब्द नव्हता. मी त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारला, हातापायांची ताकद बघितली, पाठीवर कुठे जखम झालीय का ते बघितलं. जखम नव्हती. आईनं त्यांना दर थोड्या वेळानं कुशीवर वळवलं होतं, अंगाला तेल लावलं होतं, खाली मऊ गोधड्यांच्या घड्या घातल्या होत्या. माझ्या वॉर्डात याहून चांगली निगा झाली नसती. आणि हे बघून माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला, हे सांगून टाकते.

मागच्या दारी शेळ्यांना पाला टाकत असलेल्या आईला मी गाठलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तू कोण ठरवणारी? मी परकी आहे का? माझ्या बापाचा आवाज तू माझ्यापासून चोरलास. ती पाला टाकत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, नाही झालं. ती म्हणाली, "मंग आदी माझं आईक."

तिनं सांगितलं ते असं. पहिल्या झटक्यानंतर पप्पा शुद्धीवर आले आणि सगळ्यात आधी तिला म्हणाले, करुणाला कळवायचं नाही. आयुष्यभर पोरांचे उच्चार सुधारलेला माणूस. "तुझ्याफुडं बोबडं बोलायचं न्हाई म्हनाले. मी लई सांगितलं. रडले. मानूस रडला त, मी काय करू?" शिवाय त्या वर्षी माझे इथे कायम राहायचे कागद व्हायचे होते, मधेच जास्त सुट्टी घेऊन उपयोग नव्हता, हे मीच त्यांना फोनवर वाचून दाखवलेलं. "तू आली असतीस, व्हय, आली असतीस. मंग परत गेली असतीस. त्यांनी तुला दोनदा जाताना बघायचं का?"

पण माझी अक्षरं रोज येत होती. पप्पांचं इंग्रजी त्या झटक्यात विस्कटलं होतं. मराठी येत होतं, इंग्रजी शब्द वाचला की ओळखायचे, पण मनानं काढता येत नव्हता. मग त्यांनीच आईला साखर फॅक्टरीजवळच्या मोबाईलच्या दुकानात पाठवलं. अक्षरं घातली की शब्द काढून देणारी अशी जागा इंटरनेटवर असते, हे मास्तरला ठाऊक होतं. वर्गातली पोरं ती वापरून फसवायची म्हणून त्यांनी कित्येकदा पोरांना झापलं होतं. दुकानदारानं ती जागा आईच्या मोबाईलवर उघडून दिली. आई माझ्या निरोपातलं एकेक अक्षर बघायची, मोबाईलवर तसंच अक्षर हुडकायची, दाबायची. वेळ लागायचा. मग शब्दांची ही मोठी रांग यायची.

"आन् मंग मी त्यांच्या शेजारी बसायची," आई म्हणाली. "ते डाव्या हाताच्या बोटानं दावायचे. ह्यो ठेव. ह्यो काड. ह्यो काड. लई येळ चालायचं. मला म्हनायचे, ह्याचा अर्थ मलाच म्हाईत न्हाई, काड. ह्यो वंगाळ हाय, काड. नाताळानंतर कोन काडनार? मला काय कळतंय? मी जसं आलं तसं धाडलं."

मी तिथेच गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. त्या लांब याद्या, ज्यांवर मी वॉर्डात मिरवत होते, त्या यंत्राच्या नव्हत्या तर. यंत्रानं दिलेल्या रांगेतून पप्पा एकेक शब्द वेचत होते, डाव्या हातानं, माझ्यासाठी. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण तो आता कुणावर टाकावा ते कळेना. आईला मिठी मारावी असं वाटत होतं आणि मारली नाही. पाल्याची पेंढी उचलून तिच्याबरोबर शेळ्यांना घातली.

त्या मुक्कामात मी एक उद्योग केला. जुने निरोप उघडले, तीच अक्षरं त्याच जागी घातली, आणि पप्पांनी काय काय काढून टाकलं ते बघत बसले. वंगाळ शब्द काढलेले होतेच. कुणाला अर्थ माहीत नाही असलेही काढलेले. पण एकदा मी बसस्टँडवरची 'टिकेट्स'ची अक्षरं पाठवली होती. त्यात टिक होता, स्टिक होता, काइट होता, साइट होता. सिक नव्हता. आजारी, दुसरीच्या पोराला येणारा शब्द. आणखी एकदा दुकानाच्या दारावरची 'वेलकम'. त्यात काउ होता, आउल होता, लो होता. कम, म्हणजे 'ये', तो नव्हता. मी पप्पांच्या खाटेजवळ जाऊन मोबाईल त्यांच्यापुढे धरला, तो शब्द दाखवला आणि विचारलं, "हा का काढला?" त्यांनी वाचला की नाही कोण जाणे. डाव्या हातानं मोबाईल बाजूला सारला आणि माझं मनगट धरलं. बोटांत अजून ताकद होती. आईला विचारलं तर ती म्हणाली, बोट घसरलं असंल. असेलही.

मी परत आले. येणं भागच होतं. कागद झाले, ती नोकरी आहे, पप्पांच्या औषधाला पैसे इथूनच जातात. निघताना मी आईला शेवटचं सांगितलं, की पुन्हा माझ्यापासून काही लपवलंस तर मी तुझी कुणी नाही. ती म्हणाली, "बघू." मी म्हटलं, बघू नाही, हो म्हण. तिनं जीपचं दार लावलं.

बाहेर राहणाऱ्यांनो, तुमच्याही घरी हेच चालत असणार, वेगळ्या आजाराचं आणि वेगळ्या बहाण्यांचं. आपल्याला सांगत नाहीत. सगळे इतक्या मायेनं सांगत नाहीत की भांडायलाही तोंड राहत नाही. आणि मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं तुम्ही आम्हाला जपता. आम्ही सुट्टीला येतो तेव्हा तुम्ही नवी चादर काढता, कोंबडी कापता, आजाऱ्याला शर्ट घालून खुर्चीत बसवता. तसं पाहुण्यांसाठी करतात. इतकी वर्षं मला वाटायचं घर म्हणजे ते अंगण, कालवा, आईच्या हातची चटणी. आता नाही वाटत तसं. चटणी तर इथल्या दुकानातही मिळायला लागली. ज्या घरातलं वाईट तुम्हाला वेळेवर सांगितलं जातं ते तुमचं घर, बाकी सगळं पर्यटन. हे माझं मत, ज्याला पटायचं त्याला पटेल.

परवा सकाळी रात्रपाळीवाल्यांकडून पेशंटची माहिती घ्यायचं हँडओव्हर चालू असताना खिशात फोन थरथरला. आई कधी स्वतःहून ह्या वेळेला करत नाही. मी कॉरिडॉरमध्ये गेले. तिनं कशी आहेस विचारलं नाही, जेवलीस का विचारलं नाही.

"पप्पांना ताप हाय. सकाळपासनं. छातीत घरघरतंय. डॉक्टरला फोन लावलाय, अजून यायचाय." मग घुश्शातच, "सांगितलं बघ तुला."

अशा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या छातीत घरघर म्हणजे बहुधा न्यूमोनिया, हे मला तिच्यापेक्षा जास्त कळतं. भीती वाटत होती, फार वाटत होती, आणि त्या भीतीत मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकटी नव्हते.

"आई, फोन ठेवू नको," मी म्हणाले. "स्पीकर लाव, आणि त्यांच्या छातीला धर."

तिनं का म्हणून विचारलं नाही. खाट कुरकुरली, गोधडी सरकल्याचा आवाज आला, आणि मग मला पप्पांचा श्वास ऐकू यायला लागला.